आमचा प्रोग्राम कंपनी विकते. तिचा पैसा घ्यावा का?

पत्र: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे पाच मित्र. एक जण सेवा केंद्र चालवतो, दोघं शेती करतात, एक बी.एस्सी. होऊन घरी आहे आणि मी पॉलिटेक्निक केलेला. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस खरेदीसाठी आम्ही काट्याच्या पावतीचा प्रोग्राम लिहिला. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, कपात, भाव, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम, सगळं मराठीत छापून शेतकऱ्याच्या हातात पडतं. जीपीएल परवान्याखाली तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. आता कळलं की नागपूरची एक सॉफ्टवेअर कंपनी तोच प्रोग्राम थोडाफार बदलून जिनिंगवाल्यांना, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांना, वर्षाच्या भाड्यानं देते. आम्हाला एक पैसा नाही. फोन केला तर त्यांचे साहेब नीट बोलले. म्हणाले, दरवर्षी १ लाख रुपये देतो, तुमच्यातल्या एकाला नोकरीवर घेतो, तुम्ही प्रोग्राम चालू ठेवा. एक मित्र म्हणतो, हा पैसा घेतला की आपण विकले गेलो. दुसरा म्हणतो, कोड बंद करा, आपणच विकू. घरी बाबा म्हणतात, "काहून लोकाईच्या घरी पाणी भरून रायला बापा?" आमचं चुकलं का? पैसा घ्यावा का?

उत्तर:

प्रिय भाऊ,

पैसा घ्या. तुमचं काही चुकलेलं नाही, आणि तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी कंपनीनंही चोरी केलेली नाही. पण सही करण्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात आणि काही कागदावर यायला हव्यात. ते राहिलं तर हे १ लाख रुपये तुम्हाला फार महागात पडतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चोरीचं. जीपीएल लावलात तेव्हाच तुम्ही साऱ्यांना सांगितलंत की हा प्रोग्राम वापरा, बदला, वाटा आणि हवा तर विका. विकण्याची मुभा त्यात नजरचुकीनं राहिलेली नाही. ज्यांनी हा परवाना घडवला ते रिचर्ड स्टॉलमन १९८५ च्या सुमारास आपला ईमॅक्स हा मजकूर लिहायचा प्रोग्राम टेपवर भरून १५० डॉलरला पाठवायचे, त्यावर त्यांचं पोट चालायचं. त्यांचा आग्रह वेगळ्याच गोष्टीचा होता. ज्याच्या हाती प्रोग्राम पडेल त्याला तो उघडून बघता यावा, बदलता यावा, पुढं देता यावा. नागपूरवाल्यांनी भाडं घेतलं म्हणून परवाना मोडत नाही. तो मोडला असेल तर दुसरीकडं कुठंतरी, आणि ते तुम्हाला गावाजवळच बघता येईल.

ओळखीच्या एखाद्या जिनिंगमध्ये जा. दिवाणजींना विचारून काट्याच्या खोलीतला संगणक बघा. प्रोग्राम त्या संगणकावरच बसवलाय, की इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये उघडतो? बसवलेला असेल तर तुमच्या मूळ प्रोग्राममध्ये तुमची नावं आणि परवान्याचा उल्लेख जिथं होता, तिथं तो अजून आहे का ते पाहा. नावं पुसली असतील तर तो सरळ भंग आहे. शिवाय जिनिंगवाल्यानं मागितला तर बदललेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, कंपनीनं त्याला दिलाच पाहिजे. इथं पुष्कळांची गल्लत होते. हा हक्क प्रोग्राम ज्याला मिळाला त्या गिऱ्हाइकाचा असतो, मूळ लिहिणाऱ्याचा नसतो. तुम्ही मागितलात म्हणून मिळेलच असं नाही. जिनिंगच्या मालकानं मागितला तर कंपनीला नाही म्हणता येत नाही, आणि त्याच्या हाती आल्यावर तो त्यानं तुम्हाला द्यायला कुणाची आडकाठी चालत नाही. म्हणून एखाद्या मालकाशी गोडीत बोलून ठेवा.

ब्राउझरमध्ये उघडत असेल तर मामला वेगळा. मग प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवरच राहतो, जिनिंगला त्याची प्रत जातच नाही, आणि साध्या जीपीएलचं ते कलम लागूच होत नाही. २००७ चा एजीपीएल परवाना याचसाठी आहे. त्यात नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. पुढची आवृत्ती त्याखाली काढायची का, ते पाचही जणांनी बसून ठरवा.

यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कपातीच्या सूत्राची. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात, १२ टक्क्यांच्या वर कापूस घेत नाहीत आणि मधल्या टक्क्याटक्क्याला भाव कमी होतो. खाजगी जिनिंगमध्ये हे गणित मालकाच्या हातात असतं. आता समजा, शेतकऱ्याचा २० क्विंटल कापूस आहे, भाव ७,००० आणि ओलावा १०.२ टक्के. टक्क्याला टक्का कपात धरली तर प्रमाणापेक्षा २.२ टक्के जास्त, म्हणजे ३,०८० रुपये कापायचे. पण प्रोग्राममध्ये एका ओळीत कुणी लिहिलं की दशांश आला की वरचा पूर्ण आकडा धरायचा, तर १०.२ चे ११ होतात आणि कपात ४,२०० वर जाते. एका गाडीमागे १,१२० रुपये गेले आणि पावतीवर सगळं नीटनेटकं छापलेलं. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, पण शिक्क्याचा काटा वजन सांगून थांबतो. तिथून पुढं शेतकऱ्याच्या हातात किती पडायचे ते प्रोग्राम ठरवतो. तुमच्या प्रोग्राममधली ती ओळ आज कुणीही उघडून वाचू शकतो. नागपूरच्या प्रतीत ती ओळ तशीच आहे का, हे तुमच्या १ लाखापेक्षा मोठं आहे. कंपनीशी बोलताना पहिला विषय हाच काढा.

आता विकलं जाण्याचं. तुमच्या मित्राची शंका मी हलक्यानं घेत नाही. पण कंपन्या या कामातून नफा कमावतात म्हणजे त्या फक्त ओरबाडतात, हे खरं नाही. तुमची स्वतःची पावतीच बघा. त्यावर 'क्विंटल' छापलेलं असतं. संगणकात ही अक्षरं क, हलन्त, व, मग पहिली वेलांटी, मग अनुस्वार अशा क्रमानं साठवलेली असतात, पण कागदावर वेलांटी सगळ्यात आधी यावी लागते आणि क-व चं जोडाक्षर एकसंध दिसावं लागतं. ही जुळणी हार्फबझ नावाचा एक मुक्त प्रोग्राम करतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडं तोच आहे. तो प्रामुख्यानं ज्यांनी लिहिला त्या बेहदाद एस्फाहबोद यांचा पगार आधी रेडहॅट ही सॉफ्टवेअर कंपनी देत होती, नंतर गूगल. लोहित देवनागरी हा फॉन्ट रेडहॅटनं मोकळा केला, नोटो गूगलनं. त्याआधी आपल्याकडं काय व्हायचं ते तुमच्या सेवा केंद्रवाल्या मित्राला विचारा. एका दुकानात टाइप केलेला अर्ज दुसऱ्या दुकानात उघडला की नुसती चित्रविचित्र अक्षरं, कारण प्रत्येक विकतच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी. गूगलनं हे मराठीच्या प्रेमापोटी केलं नाही. त्यांना भारतात अँड्रॉइड चालवायचा होता. पण काम खुलं राहिलं म्हणून ते तुमच्या काट्यापर्यंत आलं, आणि त्यासाठी तुम्हाला कुणाचं तोंड बघावं लागलं नाही.

संगणक चालवणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीचंही तेच. १९९१ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरुवात केली, आज त्यातली बहुतेक भर कंपन्यांचे पगारी अभियंते घालतात. लिनक्सवर धंदा उभा केलेली रेडहॅट २०१९ मध्ये आयबीएमनं ३४ अब्ज डॉलरला घेतली. आपल्याकडं मुंबईची फ्रापे आपला ईआरपीनेक्स्ट हा धंद्याचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम जीपीएलखाली ठेवून कंपनी चालवते. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधानं २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांसाठी दरवर्षी १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. नफा आणि आधार एकाच हातातून येऊ शकतात.

आपल्या विदर्भातच याचा नमुना आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडं आला आणि ग्रामसभेनं बांबू व्यापाऱ्यांना विकला. व्यापाऱ्यानं जंगलात पायच ठेवू नये, असं गावानं म्हटलं नाही. ये, भाव दे, नफा कमव, पण किती तोडायचं आणि कसं तोडायचं ते आम्ही ठरवणार, असं म्हटलं. तुमच्या प्रोग्रामच्या बाबतीत तो नियम जीपीएल सांभाळतो. फरक आहे तो संपणाऱ्या गोष्टीत. बांबू तोडला की कमी होतो. प्रोग्राम शंभर जिनिंगांनी नेला तरी तुमच्याकडचा तसाच राहतो. मग इथं संपतो कोण? तो सांभाळणारा माणूस.

२०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं खिंडार पडलेलं सापडलं. जगातल्या बँकांचे आणि दुकानांचे व्यवहार ज्या प्रोग्रामवर सुरक्षित राहायचे, त्याला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. नंतर लिनक्स फाउंडेशननं मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. दहा वर्षांनी त्याहून भयंकर झालं. एक्सझेड नावाचा फायली आवळून लहान करणारा छोटा प्रोग्राम आहे, तो कितीतरी लिनक्स यंत्रणांत आपोआप येतो. तो एकच माणूस सांभाळत होता. लोक त्याच्यामागं तगादा लावायचे की काम इतकं रेंगाळतंय का. हे आपण बिनपगारी, हौसेनं करतो हे ध्यानात ठेवा, असं त्यानं २०२२ मध्ये लिहिलंही होतं. त्याच काळात मदत करतो म्हणून एक जण आला, गोड बोलून विश्वास कमावला, बरोबरीचा सांभाळकर्ता झाला आणि २०२४ मध्ये त्यानं त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्यांनी त्याचा छडा लावला. थकलेल्या माणसाला ज्यांनी कधी मोबदला दिला नाही त्यातही कंपन्याच होत्या, आणि ज्याला छडा लावायला सवड आणि जाण होती त्याला पगार देणारीही कंपनीच होती.

म्हणून मी तुमच्याकडं बघून विचारते. हंगामात रात्री अकरा वाजता काट्यावर पावती अडकली, बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, की फोन कुणाला येतो? नागपूरच्या कंपनीलाही मूळ कोडमधली चूक कळली की शेवटी ती तुमच्यापैकीच एकाच्या दारात येणार. तो माणूस दोन हंगामांत कंटाळला, लग्न झालं, पुण्याला गेला, मग काय? कंपनीचा पैसा या माणसाच्या वेळेसाठी आहे. तो घेण्यात लाज कसली?

कोड बंद करू म्हणणाऱ्या मित्राला सांगा की जी आवृत्ती जीपीएलखाली बाहेर गेली ती परत घेता येत नाही. कंपनी तीच पुढं चालवेल. फक्त यापुढची आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली काढता येईल, तीही पाचही जणांची आणि बाहेरून ज्यांनी कुणी भर घातली असेल त्यांची संमती असेल तरच. माहिती शोधायचा प्रोग्राम बनवणाऱ्या इलॅस्टिक या कंपनीनं २०२१ मध्ये परवाना आवळला, तर अॅमेझॉननं आधीची प्रत घेऊन ओपनसर्च नावाचा वेगळा प्रकल्प उभा केला, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकनं एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला. त्यांच्यासारखी मोठी कंपनीही शेवटी खुल्या परवान्याकडं वळली. आणि कोड बंद केलात तर कपातीची ती ओळही बंद झाली.

विकले जाऊ म्हणणाऱ्या मित्राचं समाधान वेगळ्या वाटेनं होईल. माहिती साठवायचा मायएसक्यूएल हा मुक्त प्रोग्राम घ्या. २००८ मध्ये सन या कंपनीनं ते १ अब्ज डॉलरला घेतलं, २०१० मध्ये सनसकट ते ओरॅकलकडं गेलं, तरी मूळ लिहिणाऱ्यांनी मारियाडीबी या नावानं ते पुढं नेलंच. ओपनऑफिसमधून त्याच वर्षी लिबरऑफिस निघालं. मालक बदलले, पण काम ज्यांचं होतं त्यांच्या हातून गेलं नाही, कारण परवाना मोकळा होता. तेव्हा पैसा नाकारण्यात रक्षण नाही, परवाना मोकळा ठेवण्यात आणि कॉपीराइट न सोडण्यात आहे.

आता कागदावर या. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागतात. म्हणजे तुम्ही सही केल्याशिवाय तुमचे हक्क कुणाकडं जात नाहीत, पण करारात कुठं कोपऱ्यात तसं वाक्य असेल आणि तुम्ही सही केलीत तर जातात. तसं वाक्य दिसलं की खोडा. दुसरं, नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला मालक त्याच कायद्यानं नोकरी देणारा ठरतो, वेगळं ठरलेलं नसेल तर. तुमच्यातला जो मित्र नागपूरला जाईल त्याच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्या की या प्रोग्रामवर तो जे काम करेल ते त्याच मोकळ्या परवान्याखाली मूळ प्रकल्पात येईल. तोंडी आश्वासन पुरत नाही, साहेब कितीही भला असला तरी. उद्या साहेब बदलतो.

कंपनीनं केलेले बदल तुमच्याकडं परत यावेत, ही अट माझ्या मते रकमेपेक्षा मोलाची आहे. त्यांची माणसं वेगवेगळ्या जिनिंगमध्ये फिरतात, वेगवेगळे काटे त्यांना जोडावे लागतात. ते काम परत आलं तर तुमच्या उत्पादक कंपनीला आयतं मिळेल. रक्कम किती हेही बोला. वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये, पाचांत वाटले तर माणशी १,६६७. एवढ्यात रात्रीचे फोन आणि नवनवी कामं दोन्ही बसत नाहीत. हंगामातल्या देखभालीचं एवढं, नवीन काही करून हवं असेल तर त्याचं वेगळं, अशी स्पष्ट वाटणी मागा. आणि प्रोग्राममध्ये काय घ्यायचं, काय नाही, याचा शेवटचा शब्द तुमचाच राहील, हेही.

पैसा फक्त नागपूरकडूनच का यावा? तुमची शेतकरी उत्पादक कंपनीही हा प्रोग्राम रोज वापरते. आमसभेत विषय ठेवा, क्विंटलमागे थोडे पैसे देखभालीसाठी बाजूला काढायचा ठराव करून घ्या. रक्कम लहान असली तरी चालेल. एकाच देणाऱ्यावर सगळं टेकलं की त्याचं ऐकावं लागतं, आणि तुमच्या मित्राला खरी भीती त्याचीच आहे.

बाबांना मी चुकीचं म्हणणार नाही. दुसऱ्याच्या काट्यावर आयुष्यभर माल घातलेल्या माणसाला फुकट गेलेली मेहनत लगेच दिसते. त्यांना वाद घालून पटवू नका. हिशेब दाखवा, आणि एकदा सूत्राची ती ओळ उघडून ११ टक्क्यांचं गणित समोर करून दाखवा. त्यांना ते तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

पैसा कुणा एकाच्या खात्यावर घेऊ नका. पाच जणांची भागीदारी पेढी काढा, तिच्या नावानं खातं उघडा आणि हिशेब प्रोग्रामसारखाच सगळ्यांना बघता येईल असा ठेवा. नवी आवृत्ती बाहेर काढायची किल्ली आणि पासवर्ड निदान दोघांकडं असू द्या. नोकरीला जाणारा त्या दोघांत नसलेला बरा.

जिनिंगची खेप आणि कंपनीला पाठवायचं पत्र, दोन्ही दसऱ्याच्या आत उरका. वेचणी सुरू झाली, काटे चालू झाले की मग ना तुम्हाला वेळ मिळणार ना त्यांना. त्यांच्याकडून कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. कलमाकलमानं वाचून कळवते.